विमानाची किंमत आणि उशिराची किंमत

(नाशिक येथे तरुणांच्या अभ्यास शिबिरात ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी लष्करातला माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. दिवसभर इतरांनी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला कोड दुरुस्त करतो. मग लढाऊ विमानांच्या खरेदीवर बोलायला मी का उभा आहे? कारण मागच्या शिबिरात चहाच्या वेळी एका मुलीने मला गाठलं. बारावीत असेल. ती म्हणाली, "दादा, छत्तीस राफेल अठ्ठावन्न हजार कोटींना घेतली. म्हणजे एक विमान सोळाशे कोटींचं. आणि अल्पसंख्याक मंत्रालयाची या वर्षाची सगळी तरतूद तीन हजार तीनशे पन्नास कोटी. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, सगळं मिळून दोन विमानं. बरोबर ना?"

मी मोबाइलवर हिशेब केला. बरोबर होता. तिला "हो" म्हणालो आणि बिस्किट खाल्लं.

पण घरी जाताना ते "हो" खटकत राहिलं. तिचा राग रास्त होता. आकडेही खरे होते. भागाकार मात्र अशा गोष्टीचा होता की ज्यातून खरा प्रश्न हाती लागत नाही. तिला त्या दिवशी जे सांगायला हवं होतं, ते आज सांगतो.

विषयाशी माझं एक घरगुती नातंही आहे. माझे मामू ओझरच्या एचएएलमध्ये फिटर होते. इथून वीस-बावीस किलोमीटरवरचा तो कारखाना १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. मामू विमानाला कधी विमान म्हणाले नाहीत. "एकवीस" म्हणायचे. "आज एक एकवीस बाहेर काढलं." लहानपणी मला वाटायचं, एकवीस विमानं काढली.

आता पैशांकडे येऊ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये आहेत. ऐकल्यावर वाटतं, एवढ्यात काय काय येणार नाही? पण यातले १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. ३ लाख ११ हजार कोटींहून जास्त पगार, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती, रोजचा कारभार यांचे. नवी शस्त्रं, जहाजं, विमानं, बांधकामं या सगळ्या भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी उरतात. त्यात विमानं आणि विमानांची इंजिनं या एका शीर्षाखाली सुमारे ४८ हजार ६०० कोटी, तेही तिन्ही दलांचे मिळून.

आता हा आकडा डोक्यात ठेवा. सप्टेंबर महिन्यात सरकारने एचएएलशी ९७ तेजस विमानांचा करार केला. कर वगळून ६२ हजार ३७० कोटींचा. म्हणजे हा एकच करार त्या शीर्षाखालच्या पूर्ण वर्षाच्या रकमेहून मोठा. मग पैसे कुठून येतात? तुमच्या-माझ्या घरात येतात तिथूनच. हप्त्याने. आज करार केला की आठ-दहा वर्षांचे हप्ते डोक्यावर बसतात. यंदाच्या भांडवली तरतुदीतला मोठा भाग मागच्या करारांच्या हप्त्यांतच जातो. नवं काही घ्यायला जी जागा उरते ती फार थोडी असते.

हे किती टोकाला जाऊ शकतं त्याचं उदाहरण २०१८ चं आहे. तेव्हाचे लष्कराचे उपप्रमुख संसदेच्या स्थायी समितीपुढे गेले आणि म्हणाले, आधुनिकीकरणाला २१ हजार ३३८ कोटी मिळालेत, पण आधीच चालू असलेल्या १२५ योजनांचे देणेच २९ हजार ३३ कोटी आहे. म्हणजे पगारापेक्षा हप्ते जास्त. आपल्या मोहल्ल्यात अशा माणसाला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

आणि गंमत अशी की पैसे कमी पडतात हे खरं, तसेच ते शिल्लक राहतात हेही खरं. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चाला १ लाख ७२ हजार कोटी दिले होते. सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ५०० कोटींवर आले. साडेबारा हजार कोटी वापरलेच गेले नाहीत. करार वेळेत झाले नाहीत, किंवा माल वेळेत आला नाही, की हप्ता द्यायचा प्रश्नच येत नाही, आणि ३१ मार्चला रक्कम परत जाते. त्या मुलीला मी हेही सांगायला हवं होतं: बाळा, दोन विमानं कमी घेतली असती तर ते पैसे शिष्यवृत्तीत आले असते असं नाही. हे एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारे पैसे नाहीत. शिष्यवृत्तीसाठी भांडायचं ते शिष्यवृत्तीच्या जागी भांडायला हवं, तिथे आपली बाजू जास्त भक्कम आहे.

राफेलचा तो भागाकार का चुकतो, तेही बघू. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. त्या वेळी वृत्तपत्रांत आलेल्या तपशिलानुसार नुसत्या ३६ विमानांची किंमत त्यात निम्म्याहून कमी होती. बाकीचे पैसे क्षेपणास्त्रांचे, भारतासाठी केलेल्या खास बदलांचे, सुट्या भागांचे आणि देखभालीचे. मोबाइल घेताना आपण डब्यावरची किंमत विचारतो. विमान घेताना पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं दुरुस्तीचं कंत्राट, सिम्युलेटर, हँगर, वैमानिकांचं प्रशिक्षण, सगळं एकदम घेतो. म्हणून दोन देशांनी एकच विमान घेतलं तरी "त्यांना स्वस्त, आपल्याला महाग" हे बातम्यांमधलं भांडण बहुतेक वेळा निरर्थक असतं. दोघांच्या पिशवीत वेगळा माल असतो.

राफेलच्या राजकारणात मी शिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१८ चा निकाल आहे, फेब्रुवारी २०१९ चा महालेखापालांचा अहवाल आहे, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. मला त्या प्रकरणातली दुसरीच गोष्ट सांगायची आहे, जिच्यावर फारसं कुणी भांडलं नाही. ती म्हणजे तारखा.

२००७ साली हवाई दलासाठी १२६ विमानांची निविदा निघाली. सहा स्पर्धक होते: अमेरिकेची दोन, रशियाचं एक, स्वीडनचं एक, युरोपातल्या चार देशांनी मिळून बनवलेलं टायफून आणि फ्रान्सचं राफेल. लेहच्या थंडीत, जैसलमेरच्या उन्हात चाचण्या झाल्या. २०११ मध्ये दोन उरली. जानेवारी २०१२ मध्ये राफेल सर्वांत कमी बोलीचं ठरलं. मग किंमत, एचएएलमध्ये बनणाऱ्या विमानांची जबाबदारी कुणाची, असे वाद सुरू झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी जाहीरपणे सांगितलं की या आर्थिक वर्षात पैसे उरलेले नाहीत, पुढच्या वर्षी बघू. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ विमानं थेट घेण्याची घोषणा केली. पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० ला. निविदेपासून तेरा वर्षं. आणि १२६ ची ३६ झाली.

या तेरा वर्षांत हवाई दल रिकामं बसलं होतं का? नाही. जे होतं ते उडवत होतं. मिग-२१ उडवत होतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. आमच्याकडे जुनी प्रणाली बदलायची असते. नवीन घ्यायला वीस लाख लागणार. साहेब म्हणतात, यंदा नको, आहे तीच चालवा. त्या वर्षी वीस लाख वाचले असं कागदावर दिसतं. पण जुनी चालवायला दोन माणसं जास्त लागतात, रात्री-अपरात्री ती बंद पडते, तिचे सुटे भाग कुणी बनवत नाही. तो खर्च कुठल्याच रकान्यात "प्रणाली न बदलल्याचा खर्च" म्हणून येत नाही. तो विखुरलेला असतो. आमच्याकडे फार तर ग्राहक ओरडतो. हवाई दलात काय होतं?

मे २०१२ मध्ये अँटनींनीच राज्यसभेत उत्तर दिलं. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले. ३९ सामान्य नागरिक, ज्यांच्या शेतात किंवा घरावर ती पडली, तेही गेले. दलातले आणखी आठ जण गेले. यात सगळ्या जातीची मिग आली आणि अनेक दशकं आली, हे ध्यानात घ्या. सगळे अपघात जुनेपणामुळे झाले असंही नाही. मिग-२१ हे मुळात १९५० च्या दशकात आखलेलं, अतिवेगाने वर जाऊन शत्रूचं विमान अडवण्यासाठीचं यंत्र. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने ते धावपट्टीवर टेकतं. चुकीला माफी कमी.

आणि अशा विमानावर आपण कुणाला बसवत होतो? इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मला वाटतं सगळ्या विषयातली ही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि राफेलच्या तुलनेत तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

नवशिका वैमानिक आधी पंख्याच्या विमानावर शिकतो, मग किरणसारख्या संथ जेटवर. त्यानंतर मध्ये एक पायरी हवी असते, जिथे वेगवान जेट विमानाची सवय होते पण चूक झाली तर विमान सांभाळून घेतं. तिला प्रगत जेट प्रशिक्षण विमान म्हणतात. आपल्याकडे ती पायरी नव्हती. किरणवरून उतरलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं सरळ तेजपूरला मिग-२१ वर जायची. १९८२ साली हवाई दलाच्याच ला फोंटेन समितीने सांगितलं, हे विमान घ्या. त्यावर विचार सुरू झाला. ब्रिटिश हॉक की फ्रेंच अल्फा जेट, यावर विचार. किंमत वाढली म्हणून पुन्हा विचार. सरकारं आली, गेली. ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बीदरला ती हवाई दलात रुजू झाली २००८ मध्ये.

शिफारशीपासून करारापर्यंत बावीस वर्षं. शिफारस झाली तेव्हा जन्मलेलं मूल करार होईपर्यंत स्वतः वैमानिक होऊन मिग-२१ मध्ये बसू शकत होतं.

इथे कुणी परदेशी शत्रू नव्हता, कुणी तंत्रज्ञान नाकारलेलं नव्हतं. विमान बाजारात होतं, विकणारे रांगेत होते. दरवर्षी "यंदा नको" एवढंच म्हटलं गेलं. आणि त्या दरवर्षीच्या "यंदा नको" मुळे अर्थसंकल्पात बचत दिसत गेली.

पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ ला राजस्थानात सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेले. सुरुवातीला चूक वैमानिकाची असं सांगितलं गेलं. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते मान्य केलं नाही आणि त्या वर्षानुवर्षं जाहीरपणे लढल्या. त्या अपघाताचं कारण इथे उभं राहून मी ठरवणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण एका आईने हवाई दलाला उभं राहून प्रश्न विचारले म्हणून मिगच्या अपघातांची चर्चा घराघरांत पोहोचली. प्रश्न विचारल्याने देशाचं काही बिघडलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरळ आहे, लवकर विकत घ्या. तेवढं सरळ नाही. कारण विकत घेतलेल्या विमानाच्या पोटात एक गोष्ट असते जी आपली नसते. इंजिन.

आपण लढाऊ विमान बनवायला तेजसपासून सुरुवात केली असं अनेकांना वाटतं. नाही. १९५६ मध्ये कुर्ट टँक नावाचे नामवंत जर्मन विमानतज्ज्ञ बंगळुरूला आले आणि त्यांच्या हाताखाली आपल्या लोकांनी मारुत बनवलं. १७ जून १९६१ ला ते उडालं. सांगाडा उत्तम होता. पण ज्या जास्त ताकदीच्या ब्रिटिश इंजिनावर तो आखला होता, त्या इंजिनाचं काम ब्रिटनमध्ये पैशाअभावी बंद पडलं. ते पुढे चालवायला भारताने पैसे घालावेत असा प्रस्ताव होता. आपण नाही म्हटलं. मग कमी ताकदीचं इंजिन बसवलं. इजिप्तमध्ये बनत असलेलं एक इंजिनही बसवून पाहिलं, तेही जमलं नाही. १४७ मारुत बनली, १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चांगली कामगिरी केली, पण ज्या वेगासाठी ती जन्मली तो वेग त्यांना कधी मिळाला नाही. इंजिनावर वाचवलेल्या पैशाने पूर्ण विमान अडवून ठेवलं.

सत्तरच्या दशकात हवाई दलाला शत्रूच्या हद्दीत खोलवर जाऊन मारा करणारं विमान हवं होतं. जुनी कॅनबेरा आणि हंटर थकत आली होती. तीन नावं पुढे होती: ब्रिटन-फ्रान्सचं जॅग्वार, फ्रान्सचं मिराज एफ-१ आणि स्वीडनचं विगेन. विगेनचं इंजिन अमेरिकी इंजिनावरून बनवलेलं होतं. १९७८ मध्ये अमेरिकेने सांगितलं, हे भारताला विकता येणार नाही. स्वीडन विकायला तयार, भारत ऐकायला तयार, पण किल्ली तिसऱ्याच्या खिशात.

शेवटी जॅग्वार घेतलं. त्या निर्णयाशी एक नाव जोडलेलं आहे जे या सभागृहात अनेकांना माहीत असेल: एअर चीफ मार्शल इदरीस हसन लतीफ. हैदराबादचे. फाळणीच्या वेळी पाकिस्तानच्या हवाई दलात जायचा पर्याय होता, ते इथेच राहिले. १ सप्टेंबर १९७८ ला हवाई दल प्रमुख झाले, आणि सरकारला जॅग्वारसाठी राजी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता असं मानलं जातं. पुढे १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते.

आता थोडं आडवळण घेतो. आपल्यात लतीफसाहेबांचं नाव कधी निघतं? कुणी देशप्रेमाचा पुरावा मागितला की. मग आपण घाईघाईने यादी काढतो: अब्दुल हमीद, लतीफ, कलाम. मला ही यादी वाचायचा कंटाळा आला आहे. मागणाऱ्याचं समाधान तिने होत नाही आणि त्या माणसांचं काम त्यात हरवतं. लतीफ मुसलमान होते हे त्यांच्याबद्दलचं सर्वांत रंजक सत्य नाही. दहाएक वर्षं रेंगाळलेल्या खरेदीचा निर्णय ज्या काळात एकदाचा मार्गी लागला त्या काळात ते प्रमुख होते, आणि तो निर्णय नुसत्या विमानाचा नव्हता. चाळीस विमानं तयार घ्यायची आणि उरलेली बंगळुरूला एचएएलमध्ये परवान्यावर बनवायची, इंजिनासकट, असा तो व्यवहार होता. असा व्यवहार कसा बांधला जातो, हे आपल्यातल्या एखाद्या इंजिनिअर मुलीने किंवा मुलाने त्यांच्याकडून शिकावं.

पण हेही सांगतो, जॅग्वारची गोष्ट तिथे सुखात संपली नाही. फ्रान्सने आपली जॅग्वार २००५ मध्ये निवृत्त केली, ब्रिटनने २००७ मध्ये. आज जगात ती फक्त भारत उडवतो. त्यांना जास्त ताकदीचं नवं इंजिन बसवायचं असं अनेक वर्षं ठरत होतं. ठरत राहिलं तोवर त्या इंजिनाची किंमत एवढी वाढली की २०१९ मध्ये तो बेत सोडून दिला. जुन्या विमानात एवढे पैसे घालणं परवडत नाही, असं कारण. तेही खरंच होतं, कारण तोवर विमान आणखी जुनं झालं होतं. या २०२५ मध्ये तीन जॅग्वार पडली: मार्चमध्ये पंचकुल्याजवळ, एप्रिलमध्ये जामनगरजवळ, जुलैमध्ये चुरू जिल्ह्यात. शेवटच्या दोन अपघातांत मिळून तीन वैमानिक गेले.

तेजसबद्दल बोलताना मात्र मी थोडा हळवा होतो, कारण त्यात सॉफ्टवेअर आहे. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलं आहे, म्हणजे ते चपळ वळावं म्हणून. संगणक नसेल तर माणूस ते सरळ उडवूच शकत नाही. काठीला हात लावला की वैमानिकाला काय म्हणायचंय ते संगणक समजून घेतो आणि पंखाचे भाग सेकंदात अनेक वेळा हलवतो. हा नियंत्रणाचा कोड लिहायला, तपासायला आपले इंजिनिअर अमेरिकेत एका कंपनीसोबत काम करत होते. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले, आणि आपल्या माणसांना तिथलं काम सोडून परतावं लागलं. उरलेलं त्यांनी बंगळुरूत पूर्ण केलं. ४ जानेवारी २००१ ला तेजस पहिल्यांदा उडालं. त्या कोडमुळे आजवर तेजस उड्डाणात बेकाबू झालं असं कधी ऐकलं नाही. मी रोज कोड लिहितो, आणि माझा कोड रोज कुठे ना कुठे पडतो. त्यामुळे ही गोष्ट मला मामूंच्या एकवीसपेक्षाही मोठी वाटते.

पण इंजिन? १९८९ मध्ये कावेरी इंजिनाचं काम मंजूर झालं. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं गेलं, कारण हवी ती ताकद आणि वजन साधत नव्हतं. जेट इंजिनाची पाती धातूच्या वितळणबिंदूहून अधिक तापमानाच्या वायूत फिरतात. त्या धातूची विद्या कुणी विकत नाही, आणि ती पाच वर्षांच्या पंचवार्षिक घाईत येत नाही. त्यासाठी तीस-चाळीस वर्षं सातत्याने पैसे घालावे लागतात, अपयशी ठरलेल्या इंजिनांवरही. आपल्या अर्थसंकल्पाला तेवढा धीर नसतो. म्हणून तेजसमध्ये अमेरिकी इंजिन आहे.

त्याचा परिणाम काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये सुधारित तेजसचा ८३ विमानांचा करार झाला, सुमारे ४७ हजार कोटींचा. २०२४ च्या मार्चपर्यंत पहिलं विमान द्यायचं होतं. इंजिनाच्या कारखान्याकडून पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. इंजिनाची वाट पाहत सांगाडे उभे. सगळा दोष इंजिनाचा नाही, चाचण्या आणि प्रमाणीकरणही मागे पडलं. पण आज आपण बोलतोय तोवर या करारातलं एकही विमान हवाई दलाच्या हाती आलेलं नाही.

आणि २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ ला ज्या चंदीगडला पहिली तुकडी उभी राहिली, तिथेच. बासष्ट वर्षं. हवाई दलाला मंजूर आहेत बेचाळीस स्क्वाड्रन. मिग गेल्यावर उरल्या एकोणतीस. ९७ तेजसचा जो करार मी सुरुवातीला सांगितला, तो त्याच्या आदल्या दिवशी, २५ सप्टेंबरला झाला.

तो निरोप समारंभ मामूंनी टीव्हीवर पाहिला. माझ्याशी फोनवर बोलताना म्हणाले, "याच्या जागी काय आलं?" मी म्हटलं, "मामू, करार आलाय." ते हसले. मग म्हणाले, "ओझरला आता काय चाललंय बघ जरा."

ओझरला या १७ तारखेला तेजसची तिसरी उत्पादन साखळी सुरू झाली, आणि तिथे बनलेलं पहिलं सुधारित तेजस उडालं. तिची क्षमता वर्षाला आठ विमानांची. बंगळुरूच्या दोन साखळ्या धरून चोवीस. दोन्ही करार मिळून विमानं १८०. सगळं वेळेत झालं तर साडेसात वर्षं.

एक शेवटची गोष्ट, कारण इथे बसलेल्या काही मुलांचा तिच्याशी थेट संबंध आहे. निवृत्तिवेतनाचे १ लाख ६० हजार कोटी मी सांगितले. हा बोजा वाढत गेला तेव्हा सरकारने २०२२ मध्ये अग्निपथ आणलं. चार वर्षांची नोकरी, चौघांतला एक कायम, बाकी तिघांना एकरकमी पैसे आणि घरी. सरकार याचं कारण तरुण सैन्य असं सांगतं, आणि तेही एक कारण असेल. पण हिशेबवहीत बघितलं तर तिथे पेन्शन आहे हे दिसतं. ज्या वर्षी इंजिनाला, प्रशिक्षण विमानाला "यंदा नको" म्हटलं जातं, तीच वही पुढे कुणा सतरा वर्षांच्या पोराच्या नोकरीचाही कालावधी ठरवते. भरतीला जाणाऱ्यांनी जरूर जावं. पण वही वाचून जावं. ती गुप्त नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी संरक्षण मंत्रालयाची मागणी क्रमांकासह संकेतस्थळावर येते. संसदेच्या स्थायी समितीचे अहवाल येतात, महालेखापालांचे येतात. रटाळ असतात हे मान्य. पहिला वाचताना मी दोनदा झोपलो. तिसऱ्यांदा कळायला लागलं की किंमतीच्या रकान्यापेक्षा तारखांचा रकाना आधी वाचायचा: मागणी कधी झाली, मंजुरी कधी, करार कधी, माल कधी.

आता चहा आहे, त्यानंतर प्रश्न घेऊ. मागच्या वेळची ती मुलगी आज आली असेल तर पहिला प्रश्न तिचा. बिस्किट नंतर खाईन.